हंगामी हुकुमाचे राज्य

(व्याख्यानाचा मजकूर)



दिनांक २२ मे २०२५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एक हुकूम काढला. त्याखाली निकाल लिहिणाऱ्या कोणा न्यायमूर्तीचे नाव नव्हते, आणि त्यापूर्वी दोन्ही बाजूंच्या वकिलांचा युक्तिवाद न्यायासनासमोर उभ्याने झालेलाही नव्हता. थोडक्या परिच्छेदांचा तो हंगामी हुकूम! त्याने दोन अधिकारी स्त्रियांना आपापल्या खुर्चीपासून दूर राहावे लागले. ग्विन विल्कॉक्स ह्या मालक-मजूर तंटे सोडविणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या सभासद, आणि कॅथी हॅरिस ह्या सरकारी नोकरांची अपिले ऐकणाऱ्या मंडळाच्या सभासद. दोघींची मुदत संपलेली नव्हती. दोघींवर कर्तव्यच्युतीचा ठपका नव्हता. ठपक्यावाचून काढता येणार नाही असे कायद्यात स्पष्ट लिहिले होते, आणि खालच्या न्यायालयांनी तो कायदा वाचून दोघींच्या बाजूने निकालही दिले होते. तरी दोघी घरी गेल्या. कारण अंतिम निकाल लागेपर्यंत थांबायचे होते ते त्यांनी, सरकारने नव्हे.

आज आम्ही ज्या कोर्टकज्ज्यांविषयी बोलणार आहो, त्यांचे सारे मर्म या एका प्रसंगात आहे. अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांतून या वादाची मांडणी होते ती व्यक्तींच्या नावाने. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प काय म्हणाले, अमका न्यायाधीश कोणत्या पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाने नेमलेला होता, निकाल सहा विरुद्ध तीन लागला की पाच विरुद्ध चार, असा तो हिशेब असतो. आम्हांला तो हिशेब दुय्यम वाटतो. आमच्या मते खरा प्रश्न असा, की वाद न्यायालयात पडून असताना वादाची वस्तू कोणाच्या ताब्यात राहते? तारखेची किंमत काय असते हे या सीमाभागातल्या श्रोत्यांना आम्ही शिकवावे, असा आमचा मुळीच आव नाही.

प्रथम ही मंडळे म्हणजे काय ते पाहू. अमेरिकेच्या घटनेत त्यांचा उल्लेख नाही. घटनेने तीन सत्ता केल्या : कायदे करणारी काँग्रेस, अंमल करणारा राष्ट्राध्यक्ष आणि न्याय देणारी न्यायालये. (काँग्रेस म्हणजे तिथले विधिमंडळ, आपल्या पक्षाशी त्याची गल्लत नको.) पण रेल्वे आल्या, कारखाने आले, मोठमोठ्या मक्तेदाऱ्या उभ्या राहिल्या, आणि रेल्वे-कंपनीने शेतकऱ्याकडून किती भाडे घ्यावे हा प्रश्न विधिमंडळात बसून रोजच्या रोज सुटेना. म्हणून १८८७ साली काँग्रेसने रेल्वेच्या दरांवर देखरेख करणारे एक कमिशन नेमले. १९१४ साली बाजारातील लबाडी आणि मक्तेदारी रोखण्यासाठी फेडरल ट्रेड कमिशन आले. १९३५ साली मजुरांच्या संघटनेचा हक्क राखण्यासाठी राष्ट्रीय मजूर-संबंध मंडळ आले. या मंडळांची घडण मोठ्या विचाराने केलेली आहे. ट्रेड कमिशनवर सभासद पाच. एका पक्षाचे तीनांहून अधिक नसावेत. मुदत सात वर्षांची, म्हणजे राष्ट्राध्यक्षाच्या चार वर्षांहून लांब. आणि मध्येच काढायचे तर नाकर्तेपणा, कर्तव्याची हयगय किंवा पदाचा दुरुपयोग यांपैकी काही कारण हवे. राष्ट्राध्यक्षाने नेमावे, सीनेटने संमती द्यावी, आणि मग दोघांनीही त्या माणसाच्या मानगुटीवरचा हात काढून घ्यावा, अशी ती योजना.

हात काढून घेणे कोणत्या सत्ताधीशाला आवडते? त्या वेळेपासून ही कुरबुर चालत आली आहे. तिच्या पोटी जे दोन मोठे खटले झाले, ते दोन्ही मेलेल्या माणसांच्या पगारासाठी झाले हा योग मोठा विलक्षण आहे.

पहिला खटला फ्रँक मायर्स या पोस्टमास्तरचा. ऑरेगन राज्यातील पोर्टलंड गावचा हा पोस्टमास्तर. १९२० साली राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी त्याला काढून टाकले. सीनेटच्या संमतीवाचून असे काढता येणार नाही असा त्या वेळचा कायदा होता. मायर्सने उरलेल्या मुदतीच्या पगाराची फिर्याद केली, आणि खटला चालू असतानाच तो वारला. त्याची विधवा खटला लढत राहिली. १९२६ साली निकाल लागला तो तिच्याविरुद्ध. निकाल लिहिला सरन्यायाधीश टाफ्ट यांनी, म्हणजे स्वतः एके काळी राष्ट्राध्यक्षपद भोगलेल्या गृहस्थांनी! अंमल करणाऱ्याला आपले नोकर दूर करता आले नाहीत तर तो अंमल कसला करणार, हा त्यांचा युक्तिवाद. पोस्टमास्तरापुरता तो पटण्याजोगाही आहे.

दुसरा खटला विल्यम हंफ्रे यांचा. हे ट्रेड कमिशनचे सभासद. मोठ्या भांडवलदारांचे कैवारी म्हणून त्यांची ख्याती. १९३१ साली हूव्हर यांनी त्यांना पुन्हा सात वर्षांसाठी नेमले होते. १९३३ साली फ्रँकलिन रूझवेल्ट आले, नवे धोरण आले, आणि रूझवेल्टांनी हंफ्रेंना पत्र लिहून राजीनामा मागितला. त्या पत्रात हंफ्रेंवर एकही आरोप नव्हता. तुमचे मन आणि माझे मन एका वाटेने जात नाही, एवढेच कारण होते. हंफ्रे हटले नाहीत. ऑक्टोबर १९३३ मध्ये त्यांना काढले गेले, तरी आपण अजून सभासदच आहो असे ते म्हणत राहिले, आणि १९३४ च्या फेब्रुवारीत वारले. त्यांच्या मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाने चार महिन्यांच्या वर थोड्या दिवसांचा पगार मागितला. २७ मे १९३५ रोजी सर्व नऊ न्यायमूर्तींनी एकमताने निकाल दिला : पोस्टमास्तर निराळा, कमिशनचा सभासद निराळा. हे कमिशन विधिमंडळाचे आणि न्यायालयाचेही काही काम करते. ते राष्ट्राध्यक्षाच्या हाताखालचे कारकून-खाते नव्हे. म्हणून त्याच्या सभासदाला कारणावाचून काढता येणार नाही.

येथे एक गोष्ट नजरेतून सुटू नये. हंफ्रे गरिबांचे कैवारी नव्हते. ते ज्या धोरणाचे होते त्याचा अमेरिकन मतदारांनी दणदणीत पराभव केलेला होता. रूझवेल्ट लोकप्रिय होते, आणि देश मंदीत होरपळत होता. तरी कायदा हंफ्रेंच्या बाजूने उभा राहिला. कायदेशीर मुदत ही चांगल्या माणसालाच मिळते असे असेल तर ती मुदत नव्हे, मर्जी होय. आज ज्यांना विल्कॉक्सबाईंचा कळवळा येतो त्यांनी हंफ्रेंना विसरू नये, आणि ज्यांना हंफ्रे आपले वाटतात त्यांनी विल्कॉक्सबाईंना.

त्या निकालाच्या आधारावर नव्वद वर्षे इमारत उभी राहिली. तिला पहिला मोठा तडा गेला २०२० साली. ग्राहकांच्या सावकारी व्यवहारांवर देखरेख करणाऱ्या संस्थेवर एकच संचालक होता. त्याला मुदतीचे संरक्षण देणे घटनाबाह्य आहे असे सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरविले. अनेक सभासदांच्या मंडळांना मात्र त्या वेळी हात लावला नाही.

आता या वादाची दुसरी बाजू. मंडळाचा सभासद कोण काढू शकतो, हा एक प्रश्न. मंडळाने कायद्याचा जो अर्थ लावला तो न्यायालयाने मानावा की नाही, हा दुसरा. १९८४ साली शेव्हरॉन या तेल-कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते, की कायद्याचे शब्द संदिग्ध असतील आणि सरकारी खात्याने त्यांचा वाजवी अर्थ लावला असेल, तर न्यायालयाने आपला अर्थ पुढे करू नये. तो निकाल लागला रेगन यांच्या राज्यात. एका कारखान्यातले एकेक धुराडे हे हवा दूषित करण्याचे स्वतंत्र ठिकाण धरायचे, की सगळा कारखाना मिळून एक, असा तो प्रश्न होता. खात्याने सगळा कारखाना एक धरून कारखानदारांना सवलत दिली होती, आणि हरले ते हवेच्या शुद्धतेसाठी झगडणारे लोक. त्या खात्याच्या त्या काळच्या प्रमुख ॲन गॉर्सच. पुढे त्यांचेच चिरंजीव नील गॉर्सच सर्वोच्च न्यायालयात आले आणि शेव्हरॉन-तत्त्वाचे कडवे विरोधक ठरले. आईच्या खात्याने जिंकलेला खटला मुलाने मोडीत काढावा, असे नाटक रंगभूमीवर कोणी आणले असते तर प्रेक्षकांनी त्याला ओढूनताणून जुळविलेले म्हटले असते.

शेव्हरॉन मोडले २८ जून २०२४ रोजी, आणि ते मोडणारा खटला कोणा तेल-कंपनीचा नव्हता, तो होता मासेमारांचा. न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरचे हे लोक हेरिंग मासा पकडतात. हेरिंग म्हणजे आपल्याकडील तारली-पेडव्यांच्या जातकुळीतला मासा. समुद्रातले मासे संपू नयेत म्हणून १९७६ चा कायदा आहे, आणि त्याखाली सरकारी निरीक्षक नावेवर बसू शकतो. ते ठीक. पण खात्याने २०२० साली नियम केला, की त्या निरीक्षकाचा खर्चही नाववाल्याने द्यावा. तो खर्च दिवसाला सातशे दहा डॉलरपर्यंत जाणारा! कायद्यात या मासेमारीपुरता असा शब्द कुठेही नव्हता. खात्याने तो रिकाम्या जागेतून वाचून काढला, आणि खालच्या न्यायालयांनी शेव्हरॉनवर बोट ठेवून तो मान्य केला. आम्ही विचारतो, आपल्या रत्नागिरीच्या किंवा काणकोणच्या नाखव्याला उद्या कोणी सांगितले, की तुझ्या होडीत आमचा शिपाई बसेल आणि त्याचा भत्ता तू द्यायचा, तर तो काय म्हणेल? जे तो म्हणेल तेच ते न्यू जर्सीकर म्हणाले. कायद्याचा अर्थ सांगणे हे न्यायालयाचे काम आहे, आणि १९४६ च्या प्रशासन-कार्यपद्धतीच्या कायद्यातही तसेच लिहिले आहे, असे सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी म्हटले. मासेमारांचे गाऱ्हाणे खरे होते आणि ते जिंकले याचा आम्हांला विषाद नाही.

पण गाऱ्हाणे दूर करण्यासाठी संपूर्ण तत्त्व उखडणे आवश्यक होते का, याविषयी आम्ही साशंक आहो. न्यायमूर्ती एलेना केगन यांनी विरोधी मतात विचारले, की रसायनांची अमुक साखळी प्रथिन केव्हा म्हणावी, अमुक खारींचा कळप निराळा केव्हा धरावा, हे न्यायालये ठरविणार काय? आणि योगायोग पाहा. या निकालाच्या आदल्याच दिवशी हवा-प्रदूषणाच्या एका खटल्यात न्यायमूर्ती गॉर्सच यांच्या निकालपत्रात नायट्रोजनच्या घातक प्राणिलांऐवजी चक्क नायट्रस ऑक्साइडचे, म्हणजे दंतवैद्याकडच्या हसविणाऱ्या वायूचे, नाव छापून आले. एकदा नव्हे, पाच वेळा! मागाहून दुरुस्ती झाली. चूक क्षुल्लक आहे, पण ती कोणत्या दिवशी झाली हे क्षुल्लक नाही.

आता हे दोन धागे एकत्र धरून पाहा. २०२४ साली न्यायालयाने म्हटले, कायद्याचा अर्थ खात्याने लावायचा नाही, आम्ही लावू. २०२५ साली त्याच न्यायालयाने हंगामी हुकुमांनी सूचित केले, की मंडळाचा सभासद राष्ट्राध्यक्षाला कारणावाचून काढता येईल. एका हाताने मंडळाची बुद्धी न्यायालयाने घेतली, दुसऱ्या हाताने त्याचा कणा राष्ट्राध्यक्षाला दिला. यात गमावले कोणी? लोक म्हणतात, नोकरशाहीने. आम्ही म्हणतो, काँग्रेसने. मुदत लिहिली होती काँग्रेसने. कारणे लिहिली होती काँग्रेसने. पक्षांचे प्रमाण ठरविले होते काँग्रेसने. ते कायदे कोणत्याही विधिमंडळाने रद्द केले नाहीत. ते पुस्तकात तसेच छापलेले असताना त्यांचा अंमल थांबला.

प्रतिपक्षाचे म्हणणे आम्ही टाळणार नाही. त्यात वजन आहे. ते म्हणतात, राष्ट्राध्यक्षाला लोकांनी निवडले. कमिशनच्या सभासदाला कोणी निवडले? घटनेने अंमलबजावणीची सत्ता एका राष्ट्राध्यक्षाच्या ठायी ठेवली आहे. मग त्या सत्तेचा तुकडा घेऊन बसलेला माणूस कोणालाच जबाबदार नाही, हे लोकशाहीत कसे बसते? उद्या त्या सभासदाने अन्याय केला तर नागरिकाने कोणाला जाब विचारावा? हा प्रश्न आम्हांला पोकळ वाटत नाही. ज्या मासेमाराने दिवसाला सातशे डॉलर मोजण्याची धास्ती घेतली त्याला तो पोकळ वाटणारही नाही. परंतु या युक्तिवादाला एक मर्यादा आहे. राष्ट्राध्यक्षाला निवडले लोकांनी, तसेच काँग्रेसलाही निवडले लोकांनीच. मुदतीचा कायदा एका राष्ट्राध्यक्षाने सही करून मान्य केलेला असतो. शिवाय ज्या कंपनीविरुद्ध ट्रेड कमिशन चौकशी करते, तिची राष्ट्राध्यक्षाकडे ऊठबस असेल तर? चौकशी करणाऱ्याची नोकरी सकाळच्या एका पत्राने जाऊ शकत असेल, तर तो चौकशी कोणत्या धैर्याने करील? कचेरीतल्या कारकुनाला हे समजते. त्याला घटनेचे पुस्तक उघडावे लागत नाही.

प्रत्यक्षात काय घडले ते थोडे बारकाईने सांगतो. विल्कॉक्सबाईंना काढले २७ जानेवारी २०२५ रोजी. मजूर मंडळावर पाच जागा; निर्णयाला तीन सभासद लागतात; दोघांना निर्णय करता येत नाही असे सर्वोच्च न्यायालयानेच २०१० साली सांगितलेले. त्यांना काढताच मंडळावर राहिले दोघे. म्हणजे एका माणसाला नव्हे, संपूर्ण मंडळाला कुलूप बसले. ६ मार्चला न्यायाधीश बेरिल हॉवेल यांनी त्यांना परत बसविले. अपिलात पुन्हा बाहेर. ७ एप्रिलला वरिष्ठ अपील न्यायालयाच्या पूर्णपीठाने आत आणले. ९ एप्रिलला सरन्यायाधीशांनी बाहेर ठेवले. २२ मे रोजी त्यावर हंगामी शिक्कामोर्तब झाले. मधले थोडे दिवस सोडले तर कित्येक महिने त्या मंडळाला निर्णय करता आला नाही. संघटना केली म्हणून कामावरून काढलेला मजूर ज्या मंडळाकडे दाद मागायला जायचा, तिथे दाद द्यायला पुरेशी माणसेच नव्हती.

हॅरिसबाईंच्या मंडळाची कथा याहून कडवट. अमेरिकेच्या केंद्र सरकारचा नोकर अन्यायाने बडतर्फ झाला तर तो या मंडळाकडे अपील करतो. २०२५ साली केंद्रीय नोकरांची मोठी काढाकाढी झाली, अपिलांचा लोंढा आला, आणि त्याच सुमारास अपील ऐकणाऱ्या सभासदालाच काढण्यात आले! बडतर्फ नोकर मंडळाकडे जातो, बडतर्फ सभासद न्यायालयाकडे जातो, आणि न्यायालय दोघांनाही सांगते की प्रकरण विचाराधीन आहे.

त्या मे महिन्यातील हुकुमात न्यायालयाने तागडी कशी धरली ते पाहण्यासारखे आहे. काढलेल्या अधिकाऱ्याला काम करू दिले आणि पुढे निकाल सरकारच्या बाजूने लागला, तर सरकारचे नुकसान. काम करू दिले नाही आणि निकाल अधिकाऱ्याच्या बाजूने लागला, तर अधिकाऱ्याचे नुकसान. दोहोंत सरकारचे नुकसान जास्त, असे न्यायालयाने ठरविले. या तागडीत तिसरे पारडेच नाही. ज्या मजुराची फिर्याद अडकून पडली त्याचे नुकसान, आणि ज्या विधिमंडळाचा कायदा बाजूस राहिला त्याचे नुकसान, कोणत्या पारड्यात टाकायचे? केगनबाईंनी विरोधी मतात जवळपास हाच मुद्दा मांडला. हंफ्रेचा निकाल रद्द झालेला नाही, तर मग तो बंधनकारक आहे, आणि तो बंधनकारक असताना हंगामी वाटेने त्याला बगल देता कामा नये, असे त्यांचे म्हणणे. आम्हांला ते निरुत्तर करणारे वाटते.

पुढे जुलैत आणखी एक पाऊल पडले. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षिततेचे एक कमिशन आहे. त्याच्या तीन सभासदांना काढले गेले, खालच्या न्यायालयाने परत बसविले, आणि २३ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा स्थगिती दिली. त्या वेळी सांगितले असे, की आमचे हंगामी हुकूम हे गुणदोषांवरचे अंतिम निर्णय नसले तरी तत्सम प्रकरणांत खालच्या न्यायालयांनी त्यांस अनुसरून चालावे. म्हणजे कारणे न सांगता दिलेला तात्पुरता हुकूम कारणे सांगून दिलेल्या नव्वद वर्षांच्या निकालाच्या डोक्यावर बसला. खालच्या न्यायाधीशाने करावे काय? एका बाजूस छापील निकालपत्र, जे तेव्हा रद्द झालेले नव्हते. दुसऱ्या बाजूस वरिष्ठांच्या भुवयांची हालचाल!

एक अपवाद मात्र न्यायालयाने जपून ठेवला : फेडरल रिझर्व्ह, म्हणजे अमेरिकेची मध्यवर्ती बँक. तिची घडण निराळी, तिचा इतिहास निराळा, असे मे महिन्यातील हुकुमातच लिहून ठेवले. ऑगस्ट २०२५ मध्ये त्या बँकेच्या एक गव्हर्नर लिसा कुक यांना काढल्याचे राष्ट्राध्यक्षांनी जाहीर केले, तेव्हा न्यायालयाने त्यांना तत्काळ बाहेर जायला लावले नाही; ऑक्टोबरात सांगितले, की जानेवारी २०२६ मध्ये सुनावणी होईल, तोवर त्या कामावर राहोत. ते योग्यच झाले. आमचा आक्षेप एवढाच, की व्याजाचा दर ठरविणारा माणूस निर्भय असावा हे ज्यांना दिसते, त्यांना मजुराचा तंटा सोडविणारा माणूस निर्भय असावा हे का दिसू नये? बाजार कोसळला तर त्याचा आवाज होतो. मजुराची फिर्याद फडताळात पडून राहिली तर होत नाही.

आपल्या देशात हा प्रश्न घटनाकारांनी निराळ्या रीतीने सोडविला. सरकारी नोकर राष्ट्रपतींच्या मर्जीपर्यंत पद धारण करतो हे अनुच्छेद ३१० मध्ये लिहिलेच. पण महालेखापरीक्षक आणि मुख्य निवडणूक आयुक्त यांना सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाप्रमाणेच दूर करता येईल, आणि लोकसेवा आयोगाच्या सभासदाला गैरवर्तणुकीसाठी काढायचे तर आधी सर्वोच्च न्यायालयाची चौकशी हवी, हे घटनेतच घातले. न्यायाधिकरणांच्या सभासदांची मुदत कायद्याने तोकडी करण्याचे प्रयत्न झाले, तेव्हा आमच्या सर्वोच्च न्यायालयाने ते एकाहून अधिक वेळा रद्द केले. नोव्हेंबर २०२५ मध्येही केले. तथापि फुशारकी मारण्याचे कारण नाही. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५० ख घालून भाषिक अल्पसंख्यांसाठी एक विशेष अधिकारी निर्माण केला. आपल्यासारख्यांच्या शाळा, आपली भाषा, आपले अर्ज यांविषयीची चौकशी करून त्याने राष्ट्रपतींना अहवाल द्यावा, आणि तो अहवाल संसदेपुढे ठेवला जावा. हे झाले. परंतु त्या अनुच्छेदात त्याच्या मुदतीविषयी शब्द नाही, त्याला कोणत्या कारणासाठी दूर करावे याविषयी शब्द नाही, आणि त्याचा अहवाल कोणी न मानल्यास पुढे काय, याविषयीही शब्द नाही. अमेरिकेत जो कणा काढून घेण्यावरून भांडण आहे, तो आपल्या या अधिकाऱ्याला दिलेलाच नव्हता. अमेरिकन खटल्यांकडे आम्ही एवढ्या बारकाईने का पाहतो, याचे उत्तर इथे आहे.

आता शेवटचा खटला. मार्च २०२५ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनच्या सभासद रिबेका स्लॉटर यांना पत्र आले, की तुमचे पदावर राहणे या सरकारच्या प्राधान्यक्रमाशी सुसंगत नाही. रूझवेल्टांच्या पत्राशी ताडून पाहा. बारा तेराच्या फरकाने तोच मजकूर, तेच कमिशन, १९१४ चा तोच कायदा. मौज अशी, की या बाईंना २०१८ साली प्रथम नेमले होते ते ट्रम्प यांनीच! जुलैत न्यायाधीश लोरेन अलीखान यांनी हंफ्रेच्या आधारे त्यांना परत बसविले. थोड्याच दिवसांत अपील न्यायालयाच्या तात्पुरत्या स्थगितीने त्या बाहेर आल्या. २ सप्टेंबरला त्याच न्यायालयाने त्यांना पुन्हा आत घेतले. ८ सप्टेंबरला सरन्यायाधीशांनी बाहेर ठेवले. आणि २२ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी हंगामी स्थगिती कायम करून खटला स्वतःकडे ओढून घेतला. ८ डिसेंबर २०२५ रोजी सुनावणी झाली. या खटल्याचा निकाल कोणाच्याही बाजूने लागो, २०२५ सालातले ते महिने बाईंना परत मिळणारे नव्हते.

न्यायालयाने या खटल्यात विचारासाठी प्रश्न घेतले ते दोन. हंफ्रेचा निकाल रद्द करावा काय, हा पहिला. त्याची चर्चा सर्वत्र झाली. दुसऱ्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही, आणि आमच्या दृष्टीने तोच अधिक गंभीर आहे. तो असा : समजा, सभासदाला काढणे बेकायदा होते, तरी त्याला पुन्हा खुर्चीवर बसविण्याचा, किंवा काढण्यापासून रोखण्याचा अधिकार न्यायालयाला आहे काय? की त्याने फक्त उरलेल्या मुदतीचा पगार मोजून घ्यावा आणि घरी बसावे? सरकारच्या वकिलांनी १९२६ आणि १९३५ या दोन्ही खटल्यांकडे बोट दाखविले : पाहा, त्या दोन्हींत पगारच मागितला होता, पद नव्हे. बोट बरोबर होते. मायर्सच्या विधवेने पगार मागितला, हंफ्रेच्या व्यवस्थापकाने पगार मागितला. खुर्ची मागायला मायर्स उरला नव्हता आणि हंफ्रेही उरला नव्हता. स्लॉटरबाई मात्र त्या दिवशी न्यायालयात जिवंत हजर होत्या, आणि त्यांनी पगार मागितला नव्हता.